हंगाम दोन महिन्यांचा, लिहिणं बारा महिन्यांचं: ब्लॉगच्या आधाराने आंब्याची थेट विक्री कशी उभी करायची

कोकणातल्या बागायतदाराला आंबा कसा पिकवायचा हे शिकवावं लागत नाही. अडतं ते विकताना. पेट्या भरून ट्रक वाशीच्या बाजाराकडे निघाला की भाव आपल्या हातात राहत नाही, तो पट्टी, म्हणजे अडत्याच्या विक्रीचा हिशेब, आल्यावर कळतो. आमच्याकडेही बरीच वर्षं असंच चाललं. मग एका हंगामात थोड्या पेट्या ओळखीच्या घरांत थेट पाठवल्या. त्या घरांतून फोनवर जे प्रश्न आले, त्यांची उत्तरं मी लिहून ठेवू लागले. आमची थेट विक्री उभी राहिली ती त्या उत्तरांवर.

पुढची उदाहरणं आंब्याची आहेत, कारण मला तेच नीट माहीत आहे. पण तुमच्याकडे कोकम, काजू, गूळ, हळद, बेदाणे असं काहीही असलं, तरी रीत तीच राहते. बहुतेक जण सुरुवात बोधचिन्ह, पेज आणि 'ऑर्डरसाठी संपर्क करा' या ओळीपासून करतात. ओळख नसलेल्या माणसाकडून दोन-तीन हजारांची पेटी कोणी आगाऊ पैसे देऊन का घ्यावी? म्हणून आधी प्रश्न, मग उत्तर, मग वाचकाशी ओळख, मग त्याचा नंबर आपल्या यादीत, आणि विक्री सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका.

पहिली पायरी: वही

संगणक उघडण्याआधी एक साधी वही घ्या आणि महिनाभर लोक तुम्हाला काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आमच्या वहीतली पहिली पानं अशी आहेत: 'पेटी आली पण सगळे आंबे हिरवे आहेत, असं का?' 'फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का?' 'चार डझनाची पेटी महाग आणि सहा डझनाची स्वस्त, हे कसं?' 'वरून छान होता, कापल्यावर आत पांढरट, आंबट भाग निघाला. हे काय?' 'देवगड आणि रत्नागिरी, खरा फरक कळतो का?'

एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला, तर त्यावर लेख लिहायचा. आणि प्रश्न सुधारायला जाऊ नका. 'आम्रफळाची परिपक्वता: एक विवेचन' असं कोणी गूगलला विचारत नाही, 'आंबा पिकलाय कसं ओळखायचं' असं विचारतात. शीर्षक तेच ठेवा.

वही भरत गेली की लक्षात येतं, की जवळजवळ प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी फसवले जाण्याची भीती आहे. हापूसच्या नावाने दुसराच आंबा विकला जातो हे शहरातल्या गिऱ्हाइकाला माहीत आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. तरी रस्त्याकडेच्या पेटीवर काय छापलंय आणि आत काय आहे, हे घेणाऱ्याला ओळखता येत नाही. तुमचा प्रत्येक लेख ती भीती थोडी कमी करणारा असला पाहिजे. स्वतःचं कौतुक करून ती कमी होत नाही. काम उघडं करून दाखवलं की होते.

एक लेख नीट कसा लिहायचा

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे.

'पेटीत हिरवे आंबे का आले' हा प्रश्न घेऊ. पहिल्या दोन ओळींत थेट उत्तर द्या: हापूस तयार झाला की झाडावरून हिरवाच काढतात आणि घरी तो साधारण आठवडाभरात पिकतो, हिरवा आला म्हणजे फसवणूक झाली असं नाही. घाईतला वाचक एवढ्यावर समाधानाने जाईल. ज्याला जास्त हवंय तो खाली वाचेल.

मग काम दाखवा. आंबा झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने, देठासकट का उतरवतात? देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि फळ लवकर खराब होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला तयार केला तो याच कामासाठी. झेल्याचा एक फोटो, देठ असलेल्या आणि नसलेल्या फळाचा एक फोटो टाका. पुढे अढी कशी घालतात ते लिहा: भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, हवा खेळती, ऊन लांब, आणि रोज हात घालून पिकलेलं फळ बाजूला काढायचं.

पण वाचक डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत राहतो, त्याच्याकडे माळा नाही. म्हणून त्याच्या घरातली अढी सांगा: पेटीतला पेंढा फेकू नका, पेटी भिंतीशी सावलीत ठेवा, झाकण थोडं उघडं ठेवा, फळ पिकेपर्यंत फ्रिज टाळा, कारण थंडीत पिकण्याची क्रिया अडते. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस खुशाल ठेवा. पिकल्याची खूण नुसता रंग नव्हे. फळ हलक्या हाताने दाबलं तर किंचित दबतं, आणि देठाशी नाक नेलं की वास सांगतो.

मग अवघड भाग: साका. आतला पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग म्हणजे साका. तो बाहेरून दिसत नाही. चांगल्या बागेतल्या फळातही निघू शकतो. हे लिहायला हात कचरतो, कारण आपल्याच मालाचा दोष आपण सांगतोय असं वाटतं. तरी लिहा, आणि त्याखालीच लिहा की साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, आम्ही भरपाई देतो. आमच्याकडे नवी गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त याच लेखाचं नाव घेतात.

पिकवण्याच्या पद्धतीवरही खरं लिहा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. इथिलीन वायूने ठरलेल्या प्रमाणात पिकवायला मात्र परवानगी आहे, आणि आंबा स्वतःही पिकताना इथिलीनच सोडतो. 'आमचा तेवढा नैसर्गिक, बाकी सगळे विष' असं लिहिणारे खूप आहेत. तुम्ही फक्त तुमच्याकडे काय करता ते लिहा. दुसऱ्याला वाईट ठरवून मिळालेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आणखी कोणीतरी तसंच पळवतं.

फोटोंसाठी मोठा कॅमेरा लागत नाही. एकच आंबा, एकच खिडकी, सकाळची एकच वेळ, असे आठ दिवस रोज फोटो काढा. आठ फोटोंत हिरव्यापासून केशरीपर्यंतचा प्रवास दिसतो. असा फोटोसंच दुसऱ्या कोणाकडे नसतो.

लेख झाला की एक परीक्षा घ्या: तुमच्या बागेचं नाव काढून दुसऱ्या कोणाचंही घातलं तर लेख तसाच चालतो का? चालत असेल तर तो अजून तुमचा झालेला नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाच मिनिटांत आंब्यावर लेख लिहून मिळतो. शुद्धलेखन तपासायला, शीर्षकं सुचवायला ती जरूर वापरा. पण यंदा तुमच्या वरच्या बागेत पुनर्मोहर आला आणि आधीची कैरी गळली, हे तिला माहीत नाही. वाचकाला नेमकं तेच हवं आहे.

लिहायचं कुठे

स्वतःच्या नावाचा वेब पत्ता घ्या. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, वर होस्टिंगचा, म्हणजे पानं इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचा, वेगळा. वर्डप्रेससारखी विनामूल्य प्रणाली पुरते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब जरूर वापरा, पण ती भाड्याची जागा समजा. तिथे तुमची पोस्ट कोणाला दिसावी हे दुसरं कोणी ठरवतं, आणि खातं बंद पडलं तर सगळे वाचक एका रात्रीत जातात. रीलमध्ये आंबा दाखवा, पूर्ण उत्तर आपल्या जागेवर ठेवा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेव वगैरेंमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर चिकटवला तर अक्षरांचा कचरा दिसतो, आणि त्याचा फोटो टाकला तर शोधयंत्राला त्यातले शब्द नीट सापडतील याची खात्री नसते. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, लिहा, फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक किंवा बोलून टाइप करण्याची सोय वापरा. भाव, तारखा, पत्ता हे कधीच फक्त चित्रात ठेवू नका. आणि अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून पानाच्या वेब पत्त्यात तरी तो शब्द रोमन लिपीत असू द्या.

भाषेबद्दल म्हणाल तर बोलता तसं लिहा. कलम, मोहर, तुडतुडे, करपा, डाग हे आपले शब्द टाळू नका, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. शहरात वाढलेल्या वाचकाला ते आवडतात, आणि गावाकडून तिकडे गेलेल्याला ते वाचून घर आठवतं.

कधी काय लिहायचं

नव्या लेखाला गूगलवर वाचक मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. एप्रिलमध्ये लोक जे शोधणार ते एप्रिलमध्ये लिहिलं तर ते वाचलं जाईपर्यंत हंगाम संपलेला असतो. गूगल ट्रेंड्स ही सेवा विनामूल्य आहे. तिथे महाराष्ट्र निवडून 'हापूस' हा शब्द टाका आणि गेल्या पाच वर्षांचा आलेख बघा. दर उन्हाळ्यात उंच टोक, बाकी वर्षभर सपाट. तुमचं लिहिण्याचं काम त्या सपाट भागात आहे.

आमची घडी अशी बसली आहे. पावसाळ्यात छाटणी, खत आणि गेल्या हंगामातल्या तक्रारींवर लिहायचं. दिवाळीच्या आसपास भावाचा लेख: एका पेटीच्या किमतीत फवारणी, राखण, वानरांचा त्रास, काढणीची मजुरी, पेटी, पेंढा, वाहतूक आणि वाया जाणारं फळ किती असतं. हा लेख आपल्या खऱ्या आकड्यांनी लिहा. तो वाचलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. थंडीत मोहर आला की दर आठवड्याला एक फोटो आणि चार ओळी. ढगाळ हवेत तुडतुडे वाढतात, अवकाळी पावसाने मोहर करपतो, फेब्रुवारी-मार्चच्या उष्म्याने कैरी गळते; जसं घडेल तसं सांगा. मोहरापासून काढणीपर्यंत तीन-चार महिने ज्याने तुमचं झाड पाहिलं, त्याला एप्रिलमध्ये 'घ्या' म्हणावं लागत नाही. माल कमी असेल तर तोही त्याला आधीच माहीत असतो.

वेग किती ठेवायचा? महिन्याला दोन चांगले लेख पुरेत. काढणीच्या दिवसांत लिहायला उसंत मिळत नाही, म्हणून मार्चपर्यंत एप्रिल-मेची पानं तयार ठेवा.

यादी: धंद्याचं खरं भांडवल

लेख वाचून माणूस निघून जातो. तो पुन्हा कसा भेटणार? प्रत्येक लेखाच्या शेवटी एकच विनंती ठेवा: 'यंदाची पहिली काढणी कधी होईल हे कळवायचं असेल तर इथे नाव आणि नंबर द्या.' वर्तमानपत्राच्या संकेतस्थळासारखी दहा बटणं नकोत.

व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट यादी करता येते: एकच संदेश यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणून नाव नोंदवणाऱ्याला पहिल्याच संदेशात सांगा: 'हा नंबर जतन करा.' यादी शहरानुसार पाडा: पुणे, मुंबई-ठाणे, नाशिक. गाडी पुण्याला जाणार असेल तर ठाण्याच्या माणसाला त्याचा संदेश कशाला?

सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाकू नका. प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो. कुठल्या तरी सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून संदेश पाठवणं हे तर करूच नका. विचारल्याशिवाय आलेला संदेश माणसं ब्लॉक करतात, आणि व्यक्तिगत माहिती वापरण्यासाठी संमती घेणं हे २०२३ च्या कायद्यातही आलं आहे. 'थांबवा' असं कोणी लिहिलं तर त्याच दिवशी नाव काढा. नंबरांबरोबर ईमेल पत्तेही गोळा करा, आणि दोन्हींची प्रत फोनच्या बाहेर, वहीत किंवा तक्त्यात ठेवा.

यादीला वर्षभर काय पाठवायचं? नवा लेख, मोहराचा फोटो, वादळानंतरची खरी स्थिती. महिन्यातून एक-दोनदा. चार संदेश उपयोगाचे, मग एक विक्रीचा. रोजची सुप्रभात नको.

परदेशातले मराठी वाचक हा एक वेगळाच गट आहे. अमेरिकेत आंबा पाठवायचा तर विकिरण प्रक्रिया (किरणांनी फळातल्या किडीचा बंदोबस्त) आणि निर्यातीची सगळी व्यवस्था लागते. २००७ पासून लासलगावच्या केंद्रातून ती वाट उघडली, पण घरगुती पार्सलचं ते काम नाही. 'परदेशात पाठवत नाही' असं स्पष्ट लिहा, आणि त्याच्या खाली लिहा की पुण्या-मुंबईतल्या तुमच्या आईवडिलांना पेटी पोहोचवू. ऑर्डरच्या नमुन्यात पैसे देणाऱ्याचं नाव वेगळं आणि पेटी घेणाऱ्याचा पत्ता वेगळा, असे दोन रकाने ठेवा. या एका बदलाने आमच्या ऑर्डर वाढल्या.

विक्री सुरू करताना

पहिल्या वर्षी सगळी बाग थेट विक्रीला काढू नका. जेवढ्या पेट्या तुम्ही स्वतः निवडून, भरून, फोनवर पाठपुरावा करून पोहोचवू शकता तेवढ्याच घ्या, बाकी माल नेहमीच्या वाटेने जाऊ द्या. आम्ही एका वर्षी अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डर झाडावरच्या फळापेक्षा जास्त घेतल्या. पैसे परत केले, तरी काही घरं पुन्हा आलीच नाहीत. त्यानंतर नियम केला: तयार फळाच्या अंदाजाच्या सत्तर टक्क्यांवर नोंदणी बंद.

विक्रीचं पान साधं ठेवा. फळाचं वजन किती ते किती ग्रॅम, पेटीत किती डझन, कोणत्या वारी गाडी निघते, पेटी घरी येणार की एसटीच्या पार्सल ऑफिसातून आणायची, पैसे कसे द्यायचे, खराब निघालं तर किती तासांत कळवायचं. चार आणि सहा डझनाच्या पेटीतला फरक फळाच्या आकाराचा असतो, हे इथेही लिहा. ज्याने साक्याचा लेख वाचला आहे तो इथे फार प्रश्न विचारत नाही.

एखाद्या सोसायटीतून पाच-सहा पेट्या जाऊ लागल्या की तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा, सगळ्यांच्या पेट्या एका ठिकाणी उतरवून घ्याल का? वाहतूक वाचते, त्यातला वाटा त्यांना द्या, आणि तो देता हे लपवू नका.

हंगामानंतर यादी थंड पडू नये म्हणून टिकणारा माल ठेवा: आमसुलं, कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंबापोळी, काजूगर. दोन-तीनच गोष्टी, पण दर वर्षी त्याच चवीच्या. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे मिळवण्याच्या मागे मात्र लागू नका. एवढ्या लहान वाचकवर्गावर त्यातून फारसं काही मिळत नाही, आणि तुमच्याच लेखात दुसऱ्याचा आंबा झळकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वतःच्या बागेतलं ताजं फळ शेतकऱ्याने विकणं वेगळं. आगळ, पल्प, पोळी, लोणचं बनवून विकायला लागलात किंवा शेजाऱ्यांचा माल घेऊन विकू लागलात, की अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख आणि पत्ता लेबलवर आला पाहिजे. मानांकनाचं चिन्ह छापायचं असेल, तर बाग त्या जिल्ह्यात असणं पुरत नाही; अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. आणि 'आगळाने अमुक आजार बरा होतो' असं कधीही लिहू नका. मधुमेह असलेल्या आजोबांनी आंबा खावा का, या प्रश्नाला उत्तर एकच: त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

काय मोजायचं

लाइक मोजू नका. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर विचारा, 'आमच्याबद्दल कुठे वाचलंत?' आणि उत्तर ऑर्डरच्या ओळीत लिहा. हंगामाअखेर त्या रकान्यावरून कळतं, कोणत्या लेखाने पेट्या विकल्या. गूगल सर्च कन्सोल विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्या पानावर आले हे त्यात दिसतं. एखाद्या प्रश्नासाठी तुमचं पान दिसतंय पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक बदला. ज्या प्रश्नाचं तुमच्याकडे उत्तरच नाही असा प्रश्न तिथे दिसला, तर तो वहीत उतरवा.

आणि सगळ्यात मोलाचा आकडा: गेल्या वर्षीच्या घरांपैकी यंदा किती घरं परत आली. तो घटला तर नवे लेख थांबवा, जुन्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करा आणि नुसतं ऐका.

पहिल्या वर्षी वाचक थोडेच असतील. त्यातल्या प्रत्येकाला स्वतः उत्तर द्या.

मृग लागला, शेवटची पेटी गेली, की बागेत कुलूप घालण्याआधी यादीतल्या सगळ्यांना एक पत्र लिहा. यंदा किती फळ आलं, किती पेट्या गेल्या, किती तक्रारी आल्या, कितींना भरपाई दिली आणि पुढच्या वर्षी काय बदलणार. शेवटी विचारा: 'यंदा कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला?' जी उत्तरं येतील ती वहीच्या नव्या पानावर उतरवा. पावसाळ्यातला पहिला लेख त्यातूनच निघतो.